मानेवरचं तूप

माझ्या मुलीला थकवा येत नाही, हे मी गावभर सांगत फिरत असे. बसथांब्यावर, दळणाच्या रांगेत, हळदीकुंकवाला, कुणी विचारो न विचारो. आर्वीजवळच्या आमच्या पिंपळझरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली ऋतुजा वर्ध्याच्या वाहन नियंत्रण केंद्रात पहिल्या नंबरावर होती. मी तिची आईही होते आणि शाळेतली विज्ञानाची बाईही. मग मी बोलू नये तर कुणी बोलावं? आमचे हे म्हणायचे, प्रमिला, ती पट्टी पोरीच्या मानेला आहे की तुझ्या जिभेला? तीही काही थकत नाही.

ही पट्टी म्हणजे उमेदपट्टी. तोवर मुंबई-नागपूरच्या मोठ्या रस्त्यावरचे सगळे मालट्रक आपले आपण धावू लागले होते. लोक त्यांना 'बिनडायवरी' म्हणत. गाड्या शहाण्या होत्या, पण रस्त्यात अचानक वरात आली, म्हशींचा कळप बसला, धुक्यात कुणी टॉर्च हलवला, की त्या गोंधळून जात. अशा वेळी निर्णय घ्यायला माणूसच लागे. वर्ध्याच्या केंद्रात गाड्यांपुढचा रस्ता दाखवणारा चष्मा डोळ्यांना लावून एकेक जण डझनभर गाड्यांवर नजर ठेवून असे. काम बसल्या जागेचं, पण डोकं पिळून काढणारं. क्षणभर लक्ष ढळलं की कुणाचा तरी जीव जाणार.

आता थकवा म्हणजे काय, ते सांगते. सवय आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणूस नेटाने विचार करत राहिला की कपाळामागच्या मेंदूत काही टाकाऊ रसायनं साचत जातात. ती साचली की डोकं जड होतं, साध्या बेरजा चुकतात आणि मेंदू म्हणतो, पुरे आता. मग आपण झोपतो. झोपेत मेंदूभोवतीचं पाणी ही घाण धुऊन काढतं आणि मानेतल्या बारीक बारीक नळ्यांमधून खाली सोडून देतं. उमेदपट्टी मानेवर चिकटवली की कातडीखाली हलकी थरथर सोडायची. त्या थरथरीने नळ्या जोरात वाहू लागायच्या आणि रात्रीची धुलाई जागेपणीच उरकायची. थोडीशी झोप घेतली तरी माणूस ताजातवाना. युक्ती साधी आणि देखणी होती. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने ती मांडली असती तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

पट्टीची सक्ती नव्हती. पण भिंतीवरच्या फलकावर रोज सगळ्यांची नावं क्रमाने झळकत, आणि पट्टी न लावणाऱ्यांची नावं खाली खाली जात. त्यामुळे सगळेच लावत. ऋतुजाचं नाव सगळ्यांत वर असे. मी वर्ध्याला गेले की काहीतरी निमित्त काढून केंद्रात जायची आणि तो फलक डोळे भरून पाहायची.

जानेवारीत हे गेले. सकाळी गोठ्यातून आले, दारात बसले आणि तिथेच कलंडले. ऋतुजा तासाभरात पोचली. तिने नातेवाइकांना कळवलं, दाखला काढला, माणसांच्या जेवणाची व्यवस्था केली, मला वेळेवर गोळ्या दिल्या. कुठे म्हणून काही चुकलं नाही. ती रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे, अन् मलाही त्या दुःखात तेवढाच एक आधार वाटला. सावडणं झालं आणि ती कामावर हजर झाली.

पुढे मात्र मला एकेक गोष्ट खटकू लागली. तिचा फोन रोज येई, पण ठरल्या मिनिटाला. घड्याळाने सांगितलं की यायचा. जेवली का, गोळी घेतली का, पाणी आलं का. अवेळी फोन करून 'आई, आज बाबांचं असं आठवलं' असं ती एकदाही म्हणाली नाही. एका दुपारी मला उचक्यांवर उचक्या लागल्या. काही केल्या थांबेनात. म्हटलं, लेक आठवण काढत असेल, आणि हसतच तिला फोन लावला. "काय व, माझी आठवण करून राहिली होती का?"

ती प्रामाणिक मुलगी. म्हणाली, "नाही आई, गाड्या पाहून राहिली होती. काऊन?"

मी विचारलं, बाबांची तरी येते का? तिने जरा विचार केला. मग म्हणाली की विचारलं तर सगळं आठवतं. त्यांच्या गोळ्या, चपलेचं माप, चहात किती साखर, सगळं तिने घडाघडा सांगितलं. आपणहून मात्र काही येत नाही, असं ती म्हणाली, आणि तेही हवापाण्याविषयी बोलावं तसं.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ गोठ्यात बसून होते. शाळेत आमच्याकडे एक हेडमास्तर आले होते. अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून त्यांनी मधली सुट्टी बंद केली. निकाल चांगला लागला. पण वर्षाच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की त्या वर्गातल्या मुलांना एकमेकांची टोपणनावं माहीत नाहीत. मेंदूचंही तसंच आहे. आपण काम थांबवतो, कंटाळतो, खिडकीबाहेर नुसतं पाहत बसतो, तेव्हा मेंदू बंद पडत नाही. कामाचा भाग मागे सरतो आणि दुसराच एक भाग जागा होतो. तो जुने प्रसंग चाळतो, माणसं मनात आणतो, गेलेल्यांशी बोलतो. थकवा म्हणजे त्या सुट्टीची घंटा. उमेदपट्टीने घंटाच काढून टाकली होती. माझ्या मुलीच्या डोक्यात मधली सुट्टी होतच नव्हती, आणि तिचे बाबा बिचारे बाहेर पटांगणात उभे होते.

हे मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बरंच आहे की. मला काही त्रास नाही, काम छान चालू आहे. मी रडत नाही, हेच तुला खुपते का?" खुपत होतंच.

पावसाळा लागला आणि तिने बैलांचा विषय काढला. सोन्या आणि वजीर ही आमच्याकडची शेवटची जोडी. अख्ख्या पिंपळझरीत आता बैल राहिले ते मोजक्याच घरी. ह्यांनी मात्र हट्टाने ठेवले होते. ते गेल्यावर त्यांचे जुने सोबती नथ्थूजी बैलांचं करत होते. ऋतुजाने हिशेब मांडला. बैल चार महिने काम करतात आणि बारा महिने खातात, उरलेला वेळ नुसते बसून असतात, उपयोग काय? तिने अमरावतीकडचा एक चांगला माणूस शोधला. तो छळणारा नव्हता, हेही तिने नीट चौकशी करून पाहिलं होतं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तो येऊन बैल घेऊन जाणार होता. नथ्थूजी माझ्याकडे बघून गोठ्यात निघून गेले. मी हो म्हटलं. तिच्या हिशेबात चूक काढता येईना, आणि चूक नाही म्हणून वाईट वाटायचं थांबेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आली. व्यवहारावर सही तिची हवी होती. कामही सोबत आणलं होतं. सणासुदीची गर्दी रस्त्यावर होती आणि हे दोन दिवस तिने पहिला नंबर टिकवला की साऱ्या केंद्राची मुख्य म्हणून तिचंच नाव जाहीर व्हायचं होतं. अंगणात बाजेवर बसून, चष्मा लावून ती हवेत बोटं फिरवत होती. मी तिच्याकडे पाहत होते. एवढी हुशार, एवढी कर्तबगार, आणि मला ती दूरच्या गावाला गेल्यासारखी वाटत होती.

दिवस कलला तशी खांदशेकणीची वेळ झाली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकतात, जिथे वर्षभर जू बसतं तिथे हळद आणि तूप चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीचं जेवणाचं आमंत्रण देतात. हे काम दरवर्षी ह्यांचं. त्या वर्षी करणार कोण? नथ्थूजींनी मुकाट्याने वाटी माझ्या हातात दिली आणि स्वतः दावं धरून उभे राहिले. मी पळसाच्या पानाने शेकलं, मग ओंजळभर तूप घेऊन आधी वजीरचा आणि मग सोन्याचा खांदा चोळू लागले. जू घासून घासून सोन्याच्या खांद्यावर एक तांबडा, टणक पट्टा उठला होता. हात लावला की सोन्या कातडी थरथरवायचा.

तेवढ्यात पट्टी बदलायची वेळ झाली म्हणून ऋतुजा उठली. केस वर घेऊन तिने जुनी पट्टी सोलून काढली आणि नवीन शोधायला पिशवीत हात घातला. तिची मान माझ्यासमोर होती. मानेवर तसाच तांबडा, टणक पट्टा.

मी काही ठरवलं नव्हतं. माझे हात तुपाने भरलेले होते. सोन्याचा खांदा चोळत होते तशीच मी तिची मान चोळू लागले, आणि चोळता चोळता तोंडातून सवयीने निघालं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

ती झटक्याने मागे वळली. "आई, हे काय करून राहिली तू? आता पट्टी चिकटणार कशी?"

आणि खरंच चिकटेना. तुपावर काय चिकटणार? मानेला टेकवली की घसरून पाठीवर यायची. तिने साबणाने मान धुतली, टॉवेलने पुसली, दुसरी पट्टी काढली. तीही गळून पडली. ज्यांनी ही पट्टी बनवली त्यांनी तिची घामात, पावसात, धुळीत परीक्षा घेतली असणार. कुणाच्या आईने मानेला तूप चोळलं तर काय होईल, हे त्यांच्या डोक्यात कसं यावं? केंद्राच्या नियमाप्रमाणे पट्टीशिवाय एवढ्या गाड्या हाती ठेवता येत नसत. तिने फोन केला, तिच्या गाड्या दुसऱ्यांच्या हवाली झाल्या आणि साहेबांनी सांगितलं, मान स्पिरिटने पुसा, तासाभरात परत या, नंबर तुमचाच राहील.

मला अपराधी वाटलं. मी घाईने आत गेले. औषधांचा डबा सापडेना, सापडला तर बाटलीचं झाकण घट्ट बसलेलं. त्यात बराच वेळ गेला. बाहेर आले तेव्हा ऋतुजा गोठ्याच्या ओट्यावर, वजीरजवळ बसली होती. चष्मा मांडीवर काढून ठेवला होता. तिने तोंडावर हात नेला आणि एक मोठी जांभई दिली. कितीतरी दिवसांनी मी तिला जांभई देताना पाहत होते. तिलाही ती नवीच असावी, कारण नंतर ती थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिली. समोर वजीर रवंथ करत होता. नथ्थूजी घमेलं धुवायला गेले होते.

मी बाटली पुढे केली. ती घेईना. म्हणाली, "आई, तू आवतण अर्धंच दिलं."

"अर्धं कसं?"

"बाबा पुढं काय म्हणायचे?"

मला आठवेना. एवढी वर्षं मी ऐकत आले होते, पण खांदशेकणीच्या वेळी मी चुलीपाशी असायची, कान तिकडे कुठे असणार! मग ऋतुजा उठली, वजीरच्या गळ्यात हात टाकला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी ह्यांच्या घोगऱ्या आवाजात, दरडावत म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. अन् कामाचं नाव काढसान तं माह्याशी गाठ हाय!"

बोलली, आणि तिथेच तिचा आवाज फुटला. ती त्या बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडू लागली. हुंदके आवरेनात. बाबांनी तिला खांद्यावर बसवून पोळ्यात नेलं होतं ते, तिच्या पहिल्या पगाराचं धोतर त्यांनी नेसायचं सोडून पेटीत जपलं होतं ते, एकेक तिला न विचारता येऊ लागलं आणि ती सांगू लागली. मीही रडले. नथ्थूजी घमेलं घेऊन परत आले, दारातच थांबले आणि आले तसे मागे फिरले.

साहेबांचा फोन वाजला. तासभर होत आला होता. ऋतुजाने डोळे पुसले नाहीत, तसाच उचलला. ती हिंदीत बोलली, पण त्याचा अर्थ एवढाच होता.

"सर, माझे वडील वारलेत."

तिकडे बहुधा गोंधळ उडाला. केव्हा, असं त्यांनी विचारलं असावं.

"जानेवारीत," ती म्हणाली. "मला आज कळलं."

मग तिने सरळ सांगितलं की ती आज आणि उद्या येणार नाही, पट्टी लावणार नाही, आणि मुख्याची जागा ज्याला द्यायची त्याला द्यावी. साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोनदा विचार करायला सांगितलं. ती म्हणाली, विचारच करतेय, खूप दिवसांनी. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बोर्डात पहिली आली होती तेव्हा मला वाटला होता त्याहून मोठा अभिमान मला त्या क्षणी वाटला. नाक लाल झालेलं, मानेवरून तूप ओघळतंय, आणि हातची जागा सोडून बसलेली. माझी मुलगी!

दुसऱ्या दिवशी ती ऊन वर येईपर्यंत झोपली. उठून तिने बैलांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, झुली चढवल्या. पोळ्याच्या तोरणाखाली बैल न्यायचे तर दोर घरच्या पुरुषाच्या हाती, अशी आमच्याकडची रीत. ऋतुजाने दोर हातात घेतला तेव्हा एक-दोघांनी कुजबुज केली. नथ्थूजींनी त्यांच्याकडे वळून सांगितलं, "बैल घरचे, पोरगी घरची. मंग दोर कोणाच्या हाती देऊ?" दोन्ही बाजूंना सोन्या आणि वजीर, मधे ताठ मानेने ती, अशी ती तोरणाखालून गेली तेव्हा मी पुरणाचे हात तसेच घेऊन धावत पाहायला गेले होते.

अमरावतीचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. ऋतुजाने त्याला जेवायला वाढलं आणि मग हात जोडून सांगितलं की बैल द्यायचे नाहीत. तो समजूतदार होता, पण जाता जाता त्याने विचारलं, ठेवून उपयोग काय यांचा? ती म्हणाली, "उपयोग कायले पाह्यजे? घरचे आहेत ते."

ती कामावर परत गेली, पण पट्टीविना. आता तिच्याकडे थोड्याच गाड्या असतात. डोकं जड झालं की ती तसं सांगते, गाड्या दुसऱ्याकडे देते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. फलकावर तिचं नाव तळाशी गेलं. पट्टी तुपामुळे गळली हे तिच्याकडून ऐकून सुरुवातीला बाकीचे हसले. मग एकेक जण हळूच तिच्याजवळ येऊन विचारू लागला, की तुझं ते तूप कसलं होतं? एकाला लग्न होऊन वर्ष झालं तरी बायकोची आठवण येत नव्हती. एकीचा भाऊ गेला होता. विचारणारे वाढले, मग त्यांनी मिळून मागणी केली, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर केंद्राने पाळीच्या मधोमध पट्टी काढून बसायची सुट्टी मंजूर केली. कागदोपत्री तिला काहीतरी लांबलचक नाव आहे. केंद्रातली माणसं मात्र तिला नुसतं 'तूप' म्हणतात. कुणी खिडकीशी उभा दिसला की समजायचं, त्याचं तूप चाललंय.

यंदाच्या खांदशेकणीला त्यांची एक गाडी भरून आमच्या अंगणात आली. कुणी बिहारचं, कुणी केरळचं, कुणी इथलंच सेलूचं. सोन्या-वजीरचं झाल्यावर सगळे रांगेत उभे राहिले, कॉलर खाली ओढून माना वाकवून. मी वाटी घेऊन एकेकाच्या मानेवर हळद-तूप चोळत गेले. प्रत्येक मानेवर तो तांबडा पट्टा होता, कुणाचा ताजा, कुणाचा पुसट होत चाललेला.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," मी म्हणाले.

ऋतुजा माझ्यामागे उभी होती. तिने कमरेवर हात ठेवले, बापासारखे डोळे वटारले आणि त्या साऱ्या वाकलेल्या मानांना दम भरला, "अन् कामाचं नाव काढसान तं माह्याशी गाठ हाय!"

रांगेतले हसले. तीही हसली आणि मग तिला एक लांबलचक जांभई आली. दुसऱ्या दिवशी पोळ्यात जो भेटेल त्याला मी सांगत होते, आमची ऋतुजा फार दमते हो.